‘आजवर टिकलें’ हा पुरावा नव्हे

गोदावरीचा पूर मोजण्याच्या नाशिककरांच्या कांहीं खास रीती आहेत. पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलें, कमरेला लागलें, कीं गळ्यापर्यंत चढलें, ही एक रीत. नारोशंकराच्या घंटेपर्यंत पोंचलें कीं नाहीं, ही दुसरी. अलीकडे त्यांत तिसरीची भर पडली आहे : गंगापूर धरणांतून किती हजार क्यूसेक पाणी सोडलें, ती. परंतु ह्या तिन्ही रीती पाणी मोजण्याच्या आहेत. जी भिंत तें पाणी अडवून उभी आहे, तिची प्रकृति मोजण्याची एकही रीत आम्हां सामान्य नागरिकांजवळ नाहीं. आणि ती नाहीं ह्याची कोणास खंतही वाटत नाहीं. प्रस्तुत लेख ह्या निश्चिंतपणाविरुद्ध आहे.

मध्यंतरीं कांहीं सुशिक्षित स्नेह्यांच्या बैठकींत मीं सहज प्रश्न काढिला, कीं एखादा जबर भूकंप झाला तर गंगापूरचें मातीचें धरण कितपत टिकाव धरील? एक गृहस्थ हंसून म्हणाले, “अहो प्रोफेसर, साठ वर्षें तें जागचें हललें नाहीं. आतां काय व्हायचें आहे त्याला?” बाकीच्यांनीं माना डोलाविल्या, चहा आला, आणि बोलणें जायकवाडीस किती पाणी सोडावें ह्या सनातन वादाकडे वळलें. पाणी नाशिकचें कीं मराठवाड्याचें, ह्यावर तासभर हमरीतुमरी झाली. तें पाणी ज्या भिंतीच्या भरंवशावर उभें आहे, तिचा निकाल मात्र दोन वाक्यांत लागला. ते गृहस्थ अज्ञ नव्हेत, कीं बेजबाबदारही नव्हेत. त्यांचें वाक्य आपल्या सबंध सुशिक्षित वर्गाचें वाक्य आहे, आणि म्हणूनच त्याचा समाचार घेणें अवश्य आहे.

प्रथम, आपण कोणत्या धरणाविषयीं बोलत आहों तें पाहूं. शहराच्या पश्चिमेस, पंधरा किलोमीटरांच्या आंत, गोदावरीवर हें मातीचें धरण पसरलेलें आहे. त्याची लांबी सुमारे ३,९०० मीटर, उंची साडेछत्तीस मीटरांच्या घरांत. तें १९६५ सालीं पुरें झालें. नाशिकच्या नळांस येणारें पाणी मुख्यतः ह्याच जलाशयाचें. धरणाखालीं सोमेश्वर, नवश्या गणपति, मग होळकर पूल, रामकुंड, पंचवटी, आणि दोन्ही तीरांवर दिवसेंदिवस दाटत गेलेलें शहर. जलाशयांत गाळ किती सांचला हें आपण मोजून ठेवलें आहे. मूळचा सुमारे ७,२०० दशलक्ष घनफुटांचा सांठा आतां ५,६३० वर आला, हा आंकडा वर्तमानपत्रांतून वारंवार येतो. गाळ आपण मोजतों, कारण त्यानें आपल्या वांट्याचें पाणी कमी होतें. भिंतीची मजबुती आपण विचारीत नाहीं, कारण ती कमी झाल्यानें नळाचें पाणी कमी होत नाहीं. एके दिवशीं तें एकदमच यावयाचें, एवढाच काय तो फरक!

आतां त्या ‘साठ वर्षांच्या’ पुराव्याकडे वळूं. माझा धंदा शिकविण्याचा, तेव्हां उदाहरण त्यांतलेंच देतों. एक विद्यार्थी चार वर्षें वर्गांत नियमितपणें येतो, शांत बसतो, कोणाची खोडी काढीत नाहीं. परंतु परीक्षेस मात्र तो एकदाही बसलेला नाहीं. त्याच्या वडिलांनीं येऊन सांगितलें, कीं आमचा मुलगा आजवर कधींही नापास झालेला नाहीं, सबब त्यास पदवी द्यावी, तर आपण काय म्हणूं? गंगापूरच्या धरणाची हजेरी पुरी आहे हें निर्विवाद. पाण्याच्या परीक्षेसही तें बसलें आहे. २००८, २०१६, २०१९ ह्या सालांचे पूर त्यानें पाहिले आणि त्यांतून तें पार पडलें. परंतु जबर भूकंपाचा पेपर त्यास अद्याप कोणीं दिलेला नाहीं. जी परीक्षा झालीच नाहीं तींत नापास झालें नाहीं, हें गुणपत्रक नव्हे.

आणि ही परीक्षा निराळ्याच विषयाची आहे. मातीचें धरण म्हणजे मातीचा नुसता ढीग नव्हे. त्याच्या पोटांत चिकण मातीचा गाभा असतो, त्यास इंजिनियर लोक हार्टिंग म्हणतात. दोन्ही अंगांस मुरमाचें जाड आवरण, तें केसिंग. पाण्याच्या अंगास दगडी पिचिंग. आणि पाझरणारें पाणी मातीस बरोबर न घेतां बाहेर पडावें म्हणून वाळूखडीचे गाळणीचे थर. गाभ्यांतून थोडें पाणी नेहमींच पाझरतें, त्यांत भय नाहीं. पाझर माती घेऊन येऊं लागला म्हणजे भय. आतां जमीन हादरली म्हणजे काय होतें? भिजलेल्या सैल वाळूचे वा गाळाचे कण एकमेकांजवळ सरकूं पाहतात. मधल्या पाण्यास निसटण्यास वेळ मिळत नाहीं. त्याचा दाब चढतो. आणि कणाचा कणावर असलेला भार नाहींसा होऊन, पाऊल न रुतणारी जमीन क्षणार्धांत पिठल्यासारखी पातळ होते. शास्त्रांत ह्याला द्रवीभवन म्हणतात. पाया असा पातळ झाला म्हणजे उतार घसरतो, माथा खचतो, भिंतीस आडव्यातिडव्या भेगा जातात.

माथा आणि पाण्याची पातळी ह्यांमध्यें जें अंतर राखलेलें असतें, तेंच मातीच्या धरणाचें आयुष्य. दगडी धरणावरून पाणी गेलें तरी तें कदाचित् उभें राहील. मातीच्या धरणावरून पाणी जाऊं लागलें, कीं तें आपल्याच पाण्याबरोबर वाहून जातें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतला काय झालें तें महाराष्ट्रास ठाऊक आहे. तेथें भूकंप नव्हता. अपुऱ्या राहिलेल्या कामामुळें विमोचकावरचा भराव खचत गेला, माथा खालीं आला, आणि दुपारपर्यंत पुण्याचा नदीकांठ ओळखूं येईनासा झाला. कारण निराळें, मरणाची रीत हीच.

‘साठ वर्षें उभें आहे’ ह्यास खरें उत्तर जपाननें दिलें आहे. तेथील फुकुशिमा प्रांतांत फुजिनुमा नांवाचें साडेअठरा मीटर उंचीचें मातीचें धरण १९४९ सालीं पुरें झालें. ११ मार्च २०११ च्या दुपारीं मोठा भूकंप झाला, आणि तें फुटलें. आठ माणसें त्या पाण्याला बळी पडलीं. त्या दिवशीं दुपारीं दोन वाजेपर्यंत तेथील कोणीही ग्रामस्थ आमच्या स्नेह्याप्रमाणेंच म्हणूं शकला असता, कीं बासष्ट वर्षें झालीं, आतां काय व्हायचें आहे!

दुसरें उदाहरण अमेरिकेचें. ९ फेब्रुवारी १९७१ च्या पहाटे लॉस एंजेलिसजवळच्या लोअर सॅन फर्नांडो धरणाची पाण्याकडची बाजू माथ्यासकट जलाशयांत घसरली. उरलेली भिंत आणि पाणी ह्यांत सुमारे दीड मीटरांचें अंतर राहिलें. खालच्या सुमारे ८०,००० लोकांस घरेंदारें सोडावीं लागलीं. पाण्याची पातळी आणखी थोडी वर असती, तर त्या पहाटेचा इतिहास निराळा लिहावा लागला असता.

आणि परदेशांची गोष्ट परक्यांची म्हणून कोणी झटकून टाकूं म्हणेल, तर शेजारच्या कच्छाकडे पाहावें. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपांत चांग, तापर, फत्तेगढ, सुवी, शिवलखा, रुद्रमाता अशीं कितीतरी मातीचीं धरणें भेगाळलीं, खचलीं, घसरलीं. चांगचा तर माथाच बसला. पायाखालचा भिजलेला गाळ हें त्याचें मुख्य कारण. तरीही ह्या धरणांच्या पाण्यानें गांवें बुडालीं नाहींत. कां? धरणें भक्कम होतीं म्हणून नव्हे. अवर्षणामुळें जलाशय बव्हंशीं रिकामे होते म्हणून. ज्या दुष्काळास लोक शिव्या देत होते, त्यानेंच त्यांस वांचविलें. आमचे जलाशय सप्टेंबरअखेर कांठोकांठ असतात. किल्लारीचा भूकंप झाला तो ३० सप्टेंबर १९९३ रोजीं. भूकंप पंचांग पाहून येत नाहीं, आणि पाणलोटाचा तक्ता पाहून तर नाहींच नाहीं.

किल्लारीचें नांव निघालें, तेव्हां दुसऱ्या आक्षेपाचा विचार करूं. “आमची दख्खनची भूमि पुराणी, कातळाची, येथें कसले भूकंप?” हा तो आक्षेप. ह्या श्रद्धेला दोनदां तडा गेला आहे, आणि दोन्ही वेळां महाराष्ट्राच्याच भूमीवर. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसें गेलीं, कोयनानगर उद्ध्वस्त झालें. कोयनेच्या धरणाचा आराखडा करतांना भूकंपाचा जो आडवा जोर हिशेबांत धरला होता, तो वजनाच्या विसाव्या हिश्श्याइतका. धरणांतल्याच यंत्रानें त्या पहाटे नोंदलेला धक्का त्याच्या कितीतरी पट होता. पुढें १९९३ सालीं किल्लारी व आसपासचीं गांवें जमीनदोस्त झालीं आणि सुमारे दहा हजार माणसें गाडलीं गेलीं. तेव्हांच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशांत तो भाग सर्वांत निर्धोक अशा पहिल्या क्षेत्रांत होता! माणसें मेल्यावर नकाशा सुधारला. २००२ सालच्या नकाशांत नाशिक तर तिसऱ्या क्षेत्रांत आहे, म्हणजे जेथें किल्लारी होतें त्याहून वरच्या पायरीवर; आणि पेठ, सुरगाणा, दिंडोरी, कळवण ह्या तालुक्यांतून जमिनीचे लहान धक्के अधूनमधून जाणवतात हें जिल्ह्यांत कोणास नवीन नाहीं. लहान धक्के हे मोठ्याची नांदीच होत, असें शास्त्र म्हणत नाहीं. परंतु ‘आमच्याकडे कांहीं होत नाहीं’ असें म्हणण्याचा अधिकार तरी ते आपणांस ठेवीत नाहींत.

येथें एक गोष्ट बारकाईनें ध्यानांत घ्यावी. गंगापूर पुरें झालें १९६५ सालीं. कोयनेचा धडा मिळाला १९६७ सालीं. द्रवीभवनाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो १९६४ सालच्या अलास्का व नीइगाता येथील भूकंपांनंतर. आणि भूकंपांत मातीचा उतार किती घसरेल हें मोजण्याची जी रीत आज जगभर प्राथमिक मानली जाते, ती न्यूमार्क ह्या पंडितानें लंडनच्या एका व्याख्यानांत मांडली तेंही १९६५ सालींच. म्हणजे ज्या शास्त्रानें ह्या भिंतीची परीक्षा घ्यावयाची, तें शास्त्र जन्मास येत असतांना भिंत बांधून झाली होती. ह्यांत त्या वेळच्या इंजिनियरांचा कांहीं दोष नाहीं. त्यांनीं त्यांच्या काळचें उत्तम ज्ञान वापरलें. दोष असलाच तर तो, त्यानंतर मिळालेलें ज्ञान हाताशीं असतांना विचारणा न करणाऱ्या आपल्या पिढीचा.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रतिष्ठित आहे : “हें काम तज्ज्ञांचें. सामान्यांनीं त्यांत नाक खुपसूं नये, आणि उगाच भीति पसरवूं नये.” तज्ज्ञांविषयीं मला आदर आहे, आणि नाशिकला तज्ज्ञांची वाण आहे असेंही नाहीं. १९५९ सालीं स्थापन झालेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था ह्याच शहरांत आहे. राज्यांतील धरणांच्या सुरक्षिततेची पाहणी करणारी धरण सुरक्षितता संघटना १९८० पासून ह्याच शहरांत आहे. जेथून साऱ्या महाराष्ट्राच्या धरणांची नाडी पाहिली जाते, त्या गांवचे नागरिक आपल्या उशापाशीं असलेल्या धरणाविषयीं एक प्रश्न विचारीत नाहींत, ह्याला दिव्याखालीं अंधार म्हणूं नये तर काय म्हणावें? तज्ज्ञांनीं गंगापूरच्या भूकंपसहतेचा आधुनिक रीतीनें अभ्यास केला असेल, तर तो सोप्या मराठींत नाशिककरांपुढें ठेवावा. केला नसेल, तर करावा. ह्या मागणींत तज्ज्ञांचा अधिक्षेप कोठें आहे? रोग्यानें वैद्यास ‘माझी नाडी कशी आहे?’ असें विचारणें हा वैद्याचा अपमान नव्हे.

शिवाय ही केवळ विनवणी नाहीं; हा कायदा आहे. ३० डिसेंबर २०२१ पासून अंमलांत आलेल्या धरण सुरक्षा कायद्यानें मोठ्या धरणाच्या मालकावर अनेक कर्तव्यें घातलीं आहेत. जुन्या धरणाची स्वतंत्र तज्ज्ञमंडळाकडून सर्वांगीण तपासणी पहिल्या पांच वर्षांच्या आंत व्हावी. आणीबाणीची कृतियोजना त्याच मुदतींत तयार व्हावी. धरण तीस मीटर वा त्याहून उंच असेल, अथवा तिसऱ्या किंवा त्यावरच्या भूकंपक्षेत्रांत असेल, तर भूकंपमापनाचें केंद्र असावें. गंगापूर उंचीनेंही ह्या नियमांत बसतें आणि क्षेत्रानेंही. पांच वर्षांची ती मुदत २०२६ च्या डिसेंबरअखेरची. ह्या तारखेची वाट पाहत किंवा तिचा हिशेब मागत किती नाशिककर बसले आहेत?

भीति पसरविण्याच्या आरोपाचें उत्तर चिपळूण तालुक्यांतील तिवरे गांवानें दिलें आहे. २ जुलै २०१९ च्या रात्रीं तेथील मातीचें धरण फुटलें आणि खालची वाडी वाहून गेली. धरण गळत आहे अशी गांवकऱ्यांची तक्रार आधींपासून होती. त्या गांवकऱ्यांनीं भीति पसरविली नव्हती. त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें तें सांगितलें होतें. पुढें जबाबदार मंत्र्यांच्या तोंडून खुलासा आला, कीं धरण खेंकड्यांनीं पोखरलें! जेथें नागरिक वेळेवर प्रश्न विचारीत नाहींत, किंवा विचारले तर ऐकले जात नाहींत, तेथें शेवटीं उत्तर देण्यास खेंकडेच उरतात.

माझा पक्ष कोणी ताणूं नये. गंगापूरचें धरण कमकुवत आहे असें मी म्हणत नाहीं. चांगल्या पायावर, थरावर थर दाबून बांधलेलीं मातीचीं धरणें जबर भूकंपांतही उत्तम रीतीनें टिकलीं आहेत, अशीं उदाहरणें जगांत पुष्कळ आहेत. तपासणीअंतीं गंगापूर त्यांच्याच पंक्तीस बसलें, तर सर्वांत अधिक आनंद मला होईल, आणि माझ्या स्नेह्यांस चहा मी पाजीन. माझें म्हणणें इतकेंच, कीं हा निकाल तपासणीनें लागावा, सवयीनें लागूं नये.

आणि तपासणींत उणीव आढळलीच, तर ती असाध्य नव्हे. पायथ्याशीं दगडमुरमाचा आधारभराव घालून उतारास टेकू देतां येतो. गाळणीचे नवे थर घालून, भेग पडली तरी माती वाहून जाणार नाहीं अशी तजवीज करतां येते. माथा उंचावून खचण्यास जागा ठेवतां येते. पायाखालची सैल जमीन खडीचे खांब उतरवून आवळतां येते. आणि काम पुरें होईपर्यंत जलाशयाची पातळी कांहीं फूट खालीं राखणें, हा उपाय तर यंत्रावांचूनही होण्याजोगा आहे. कोयनेच्या धरणास भूकंपानंतर आधार देऊन बळकट करण्यांत आलें; तेव्हां त्याला कोणीं भित्रेपणा म्हटलें नाहीं. तेथें भूकंप आधीं आला आणि शहाणपण मागून. येथें तोच क्रम पाळला पाहिजे असा कांहीं शास्त्रार्थ नाहीं. पुढच्यास ठेंच लागली म्हणजे मागचा शहाणा होतो, असें आपण म्हणतों. पुढें कोयना, कच्छ आणि फुजिनुमा अशा तीन ठेंचा लागल्या आहेत.

पैशाची सबब सांगणारांनीं २०२७ च्या सिंहस्थाकडे पाहावें. घाटांस, रस्त्यांस, पुलांस पैसा लागतो, आणि तो उभाही होतो. त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. परंतु ज्या रामकुंडावर लाखो भाविक स्नानास उतरावयाचे, त्याच्या वरच्या अंगास उभी असलेली भिंत ही त्या पर्वाची पहिली पायरी आहे, हें घाटाच्या पायऱ्या मोजणारांस कां सुचूं नये?

तेव्हां नाशिकच्या सुशिक्षित घरांतून तीन मागण्या ठामपणें पुढें आल्या पाहिजेत. पहिली : कायद्यानें सांगितलेल्या तपासणीचा अहवाल, भूकंपासंबंधींच्या निष्कर्षांसह, मराठींत प्रसिद्ध व्हावा. दुसरी : त्यांत बळकटीकरण सुचविलें गेल्यास काम कोणत्या वर्षीं पुरें होणार तें तारखेनिशीं जाहीर व्हावें, आणि तोंवर पाणी कोणत्या पातळीवर राखणार तेंही. तिसरी : धरण फुटलें तर पाणी कोणत्या वस्तींत किती वेळांत व किती उंच येईल, ह्याचा नकाशा प्रत्येक नदीकांठच्या शाळेच्या भिंतीवर लागावा, आणि इशारा मिळतांच कोठें जावयाचें ह्याची तालीम मुलांकडून करून घ्यावी. हाच न्याय जिल्ह्यांतील व महाराष्ट्रांतील इतर जुन्या मातीच्या धरणांसही लागू आहे. गंगापूर आपल्या घराजवळचें, म्हणून प्रारंभ तेथून.

आमच्या मारुतीस दोन तोंडें आहेत. आम्हां नागरिकांस एकच तोंड आहे आणि तें मागें वळलेलें आहे : आजवर काय झालें तेवढेंच आम्ही पाहतों. पुढच्या बैठकींत माझे स्नेही पुन्हां म्हणतील, कीं साठ वर्षें तें जागचें हललें नाहीं. मी त्यांस विचारणार आहें, “खरें आहे, पण त्याच्याखालची जमीन हलली, तर?”